बिनविरोध प्रश्नावली

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या दारावर नावाची पाटी आहे. वरच्या ओळीत ह्यांचं नाव, खालच्या ओळीत माझं. ह्यांचं नाव नीट मधोमध आहे. माझं मात्र उजवीकडे सरकलेलं आहे आणि त्याच्या आधी तीन बोटं जागा मोकळी आहे. नवीन माणूस दारात उभा राहिला की त्या जागेकडे बघतो आणि त्याला वाटतं, एखादं अक्षर निखळून पडलंय. एकदा एका कुरिअरवाल्यानं खाली वाकून पायपुसण्यावर शोधलंसुद्धा.

ती जागा मी स्वतः सोडायला लावली होती. फ्लॅट घेतला तेव्हा पीएच.डी.ची नोंदणी नुकतीच झाली होती. दोन-तीन वर्षांत नावापुढे 'डॉ.' लागणारच, मग पुन्हा नवी पाटी कशाला, असा माझा व्यवहारी विचार. पाटीवाला म्हणाला, "ताई, निदान ठिपका तरी काढून ठेवू का आत्ता?" मी त्याच्यावर चिडले. मी संख्याशास्त्र शिकवते. पुढचा अंदाज बांधण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

मी चिडते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते लागणार आहे. "मॅडम चिडल्या" हे आमच्या कॉलेजात "आज ऊन आहे" इतक्या सहज सांगितलं जातं. उत्तर चुकलं तर मी आधी हसते आणि मग चिडते. बरोबर आलं तर एवढा वेळ का लागला म्हणून चिडते. आणि इतकं सगळं करून, मुलांना आपला विषय मनापासून आवडतो, अशी माझी ठाम समजूत होती. नुसती समजूत असून भागेना. मला ती शिक्क्यानिशी हवी होती. म्हणून मी प्रबंधाला विषय घेतला: विद्यार्थ्यांची संख्याशास्त्र शिकण्याबद्दलची अभिवृत्ती.

अभिवृत्ती म्हणजे साध्या भाषेत, मुलांना त्या विषयाबद्दल आतून काय वाटतं ते. ताप मोजायला थर्मामीटर लागतो, तशी अभिवृत्ती मोजायला विधानं लागतात. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. मुलांनी एकात खूण करायची. काही विधानं विषयाच्या बाजूची असतात, काही मुद्दाम उलटी, म्हणजे डोळे मिटून खुणा करणारा सापडावा. ही विधानं मी एका दिवाळीच्या सुट्टीत तयार केली. 'संख्याशास्त्र मला आवडते.' 'संख्याशास्त्राचे पुस्तक पाहिले की पोटात गोळा येतो.' 'संख्याशास्त्राची उदाहरणे सोडवताना मला घाम फुटतो.' हे शेवटचं एका मुलाला नमुन्यादाखल वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "मॅडम, एप्रिलमध्ये तर सगळ्याच तासांना फुटतो." मी चिडले. पण ते विधान काढून टाकलं.

वर्षं जात राहिली. कधी परीक्षेचं काम, कधी निवडणुकीचं काम, कधी सासऱ्यांचं आजारपण, आणि बरेचदा नुसता आळस. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आमच्याच कॉलेजात लागला, डॉक्टर झाला आणि स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसला. त्याच्या टेबलावरच्या छोट्या पाटीत मोकळी जागा नव्हती. मी पहिली मुदतवाढ घेतली, मग दुसरी. दुसरी देताना विद्यापीठानं स्पष्ट लिहिलं की मार्चअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द, यापुढे विचार होणार नाही. तेव्हा कुठे मला जाग आली.

पहिल्या वेळी प्रश्नावली मी स्वतःच वाटली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा माझाच वर्ग. नाव लिहायचं नव्हतं. "खरं खरं लिहा," असं मी दरडावून सांगितलं आणि मग परीक्षेच्या सवयीनं बाकांमधून फेऱ्या मारू लागले. एका मुलानं कागदावर हात धरला, तर मी म्हटलं, "झाकतोस काय? इथे कोण कॉपी करतंय?" त्यानं हात काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत 'पूर्ण सहमत'च्या चौकोनात ठसठशीत खूण केली.

घरी येऊन कागद पसरले. सगळा वर्ग सगळ्या विधानांशी पूर्ण सहमत होता. संख्याशास्त्र मला आवडते, पूर्ण सहमत. पुस्तक पाहिले की पोटात गोळा येतो, पूर्ण सहमत. एखाद्यानं सरळ म्हटलं असतं, मुलांनी उरकून टाकलं. मी तसं म्हटलं नाही. आवड आणि भीती एकाच वेळी मनात कशा नांदू शकतात, यावर मी एक आख्खं पान लिहून काढलं. ह्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे लग्नाला लागू पडतं. विषयाचं मला माहीत नाही."

ते पान घेऊन मी माझ्या मार्गदर्शक बाईंकडे गेले. बाई निवृत्तीला आलेल्या, फार शांत. बिस्कीट चहात बुडवून, ते न तुटता बाहेर काढण्याइतका संयम त्यांच्याकडे आहे. त्यांनी कागद चाळले.

"तू वर्गात होतीस?"

"होते."

"फिरत होतीस?"

"थोडीशी."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "मग हे मुलांचं मत नाही गं. ही नुसती तुझ्यापुढची हजेरी आहे. पुन्हा घे. तू वर्गात थांबू नकोस."

गुरुवारी तासाला मी वर्गात मुलांपुढे उभी राहिले आणि, माझ्या मानानं, फार गोड बोलले. म्हटलं, "माझ्या मोठ्या मॅडमनी तुमची उत्तरं परत पाठवली. सगळे एकाच बाजूला कसे, असं त्या विचारतात. शनिवारी पुन्हा भरायचंय. मी वर्गात नसेन. मनात असेल तेच लिहा. मार्चअखेर मला प्रबंध द्यायचाय, नाहीतर नोंदणी रद्द होईल. माझं काम अडलंय बाळांनो." सगळा वर्ग एकदम गंभीर झाला. मला वाटलं, चला, मुलांना संशोधनाचं महत्त्व पटलं.

शनिवारी अक्कलकोटकडच्या एका तरुण सरांनी कागद वाटले. हे सर मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच हळू आवाजात बोलतात, त्यामुळे मुलांवर दडपण येण्याचा प्रश्नच नव्हता. तासानंतर गठ्ठा देताना ते म्हणाले, "किती शिस्तीत भरलं मॅडम मुलांनी. एकानंही शंका विचारली नाही." विधानांची भाषा सोपी केल्याचं श्रेय मी लगेच मनातल्या मनात घेऊन टाकलं.

आणि मग तो आलेख आला. कॉम्प्युटरवर सगळी उत्तरं भरून बटण दाबलं आणि पडद्यावर घंटेचा आकार उभा राहिला. मधे फुगलेला, दोन्ही कडांना निमुळता. वर्षानुवर्षं जो मी फळ्यावर काढत आले आणि प्रत्यक्षात जो मला कधी कुठे भेटला नव्हता, तो माझ्या स्वतःच्या वर्गातून निघाला होता. सरासरीही कशी, तर चांगल्या बाजूला जरा झुकलेली, फार नाही. विषय आवडतो, पण मुलं वेडी झालेली नाहीत. मी पडद्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. नणंदेनं विचारलं, "कुणाचा ईसीजी आहे?" तरी मी तिच्यावर चिडले नाही, इतकी मी खूश होते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. शेजारच्या टेबलावर दोन ठेवले.

बाईंनीही मान डोलावली. "आता लिहायला बस," म्हणाल्या. मी बसले. आलेखाच्या डाव्या कडेला थोडी मुलं होती, ज्यांनी जवळपास सगळीकडे विषयाच्या विरोधात खुणा केल्या होत्या. त्यांच्यावर मी चार पानं लिहिली. वर्गात बसूनही वर्गाबाहेर राहिलेला, आकड्यांच्या गर्दीत एकटा पडलेला विद्यार्थी, वगैरे. लिहिताना माझ्याच शब्दांनी माझे डोळे भरून आले. हा एकटा पडलेला विद्यार्थी कोण असेल, याचा मी शोधही लावला. शेवटच्या बाकावर एक मुलगा रोज झोपायचा. पहाटे दुधाच्या गाडीवर जायचा म्हणे. तोच असणार. मी त्याच्याशी मायेनं बोलायला लागले. त्याला "बाळ" म्हणायला लागले. तास संपल्यावर थांबवून, "काही अडचण आहे का, मोकळेपणानं सांग," असं रोज विचारायला लागले. तो इतका घाबरला की आठवडाभर कॉलेजातच आला नाही. मी एक पान वाढवलं.

डिसेंबरात वेळापूरजवळच्या एका खेड्यात आमच्या कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर होतं. ते गाव नेमकं आमच्या वर्गप्रतिनिधीचं. मोठा उत्साही मुलगा. वर्गात माईक लागला नाही, पाणी आलं नाही, कुणाची फी राहिली, सगळीकडे हाच पुढे. त्याचे वडील पूर्वी सरपंच होते. त्यांनी आम्हा दोन-तीन शिक्षकांना घरी जेवायला बोलावलं, टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन सत्कार केला. भाकरी, शेंगाचटणी, पिठलं असं पुढ्यात वाढून झाल्यावर ते गावाबद्दल बोलू लागले.

"मॅडम, आमच्या गावात दोन येळा पंचायत बिनविरोध केली. येशीवर फलक बगितला असंल तुमी. भांडान न्हाय, तंटा न्हाय. कुनी इरोधात हाय असं कळलं की आदी त्याला घरी जेवायला बोलवायचं. मग बोलायचं. भरल्या पोटी मानूस ऐकतो."

मी कौतुकानं मान हलवली. त्यांनी माझ्या ताटात आणखी चटणी वाढली.

"आन् तुमचं पन आमच्या पोरानं बिनविरोध केलं म्हनं."

"माझं काय?"

"त्ये न्हाय का, तुमच्या डाक्टरकीचं. परश्नाचं कागुद भरायचं व्हतं त्ये. मॅडमचं काम अडलंय म्हनला. मी म्हनलं, बैठक घे. बसून ठरवा आन् मार्गी लावा."

मला ठसका लागला. तिखट लागलं असेल म्हणून त्यांनी गुळाचा खडा दिला. तो मी खाल्ला.

जेवणानंतर शाळेच्या ओट्यावर मी त्या मुलाला गाठलं. मी काही बोलायच्या आत तो स्वतःच अभिमानानं सांगू लागला. त्याला वाटलं, मी आभार मानायला आलेय.

"शुक्रवारी बैठक घेतली मॅडम. पार्किंगमागं, लिंबाखाली. आमी म्हनलं, पयल्या येळी समदी एका बाजूला गेली म्हनून मोठ्या मॅडमनी पकडलं. आता तसं न्हाय करायचं. तुमीच शिकवलंय की, मदी जास्त, कडंला कमी. तसं वाटून घेतलं."

"वाटून घेतलं म्हणजे?"

"चिठ्ठ्या केल्या. 'सहमत'च्या आन् मदल्या लई. 'पूर्ण'च्या थोड्या, हिकडं चार, तिकडं तीन. पुस्तकातलं चित्र बगूनच केलं. आन् उलट्या वाक्याला उलटी खूण, त्ये समद्यांना समजावून सांगितलं. वाईटाच्या चिठ्ठ्या कुनी घेईना. म्हनलं मॅडमच्या इरोधात कोन लिवनार. मग टोपीत टाकून उचलल्या."

मला चिडायचं होतं. पण नेमकं कशावर, ते ठरेना. जे प्रकरण यांच्या डोक्यात शिरत नाही म्हणून मी वर्षभर घसा फोडत होते, ते यांनी लिंबाखाली बसून एका दुपारी वापरून दाखवलं होतं. त्यातही पहिला विचार मनात काय आला, तर 'चिठ्ठ्या टोपीतून उचलल्या, म्हणजे पद्धत बरोबर होती.'

"आणि तो शेवटच्या बाकावरचा? दुधाच्या गाडीवरचा? त्याला 'पूर्ण असहमत' आलं होतं ना?"

"न्हाय की. त्याला 'पूर्ण सहमत' आलं. लई खूश व्हता. पन नंतर तुमी त्याला रोज काय इचारायला लागला, तर त्याला वाटलं सापडलो." मग त्याचा आवाज जरा उतरला. "वाईट झालं त्ये पूर्वभागातल्या पोरीचं. तिला 'पूर्ण असहमत' आलं. रडली. बदलून द्या म्हनली. मी म्हनलं, एकाला बदलून दिलं की समदी मागत्यात, मग नमुना बिघडतो."

ती मुलगी मला माहीत होती. तिसऱ्या बाकावर बसणारी, सोलापूरच्या पूर्वेकडच्या विणकर वस्तीतली, घरी तेलुगू बोलणारी, वडील टॉवेलच्या कारखान्यात. वर्षभरात तिच्या तोंडून मी "येस मॅडम"च्या पुढे काही ऐकलं नव्हतं. माझ्या पाच पानांतला एकटा पडलेला विद्यार्थी म्हणजे ही.

मी त्या मुलाला विचारलं, "आणि तुझं मत काय होतं? खरं?"

तो विचारात पडला. मनापासून विचारात पडला, हे मला दिसत होतं.

"माजं मत कुनी इचारलं न्हाय मॅडम."

"अरे, मी विचारलं होतं की सगळ्यांना."

"न्हाय मॅडम. तुमी म्हनला, काम अडलंय."

मुलं वेळापूरची, नातेपुत्याची, करमाळ्याची. कुणाची सोयरीक अडली, कुणाची मोटर जळाली, की घरातला माणूस मत देत बसत नाही, उठून चप्पल घालतो, हे बघत ती वाढलेली. मीही काही वेगळ्या घरात वाढले नव्हते. तरी ते वाक्य मी बोलून बसले होते, आणि वर बाळांनोही म्हटलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला बरंच काही सांगितलं. प्रबंध लिहून तयार आहे. कुणाला कळणार नाही. मुलांनी खुणा केल्या त्या स्वतःच्याच हातानं केल्या. असं सगळं सोलापूर येईपर्यंत जमवून आणलं होतं. दारात पोहोचले, ती मोकळी जागा दिसली आणि जमवलेलं विस्कटलं. हा माझा प्रामाणिकपणा होता असं कुणी समजू नये. खरी भीती तोंडी परीक्षेची होती. बाहेरचे परीक्षक समोर बसून म्हणणार, "इतका सुंदर आलेख कसा काय मिळाला?" आणि माझ्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं. लग्नात मी ह्यांच्याकडे बघून किती निराश झाले होते, ते अल्बममध्ये अजून दिसतं.

बाईंना जाऊन सगळं सांगितलं. बाई आधी हसल्या. इतक्या हसल्या की बिस्कीट चहात पडलं. मग त्यांनी ते चमच्यानं काढून बशीत ठेवलं.

"हे तू मला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "आता मला सही करता येणार नाही."

"पुन्हा घेते ना. तिसऱ्यांदा."

"ही मुलं आता चालायची नाहीत. त्यांना सगळं ठाऊक आहे. नवा वर्ग पाहिजे, नवं वर्ष पाहिजे."

आणि नवं वर्ष माझ्याकडे नव्हतं. मार्च आला आणि गेला. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र कॉलेजच्या ऑफिसातून आलं, ते मी पर्समध्ये घालून घरी आणलं. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, रात्री जेवताना भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी स्वतःवरच चिडले आणि रडले. मला फार वाईट वाटलं होतं. ते इथे सरळ सांगून टाकते, कारण एरवी या सगळ्याची मी गंमतच करत आलेय.

वर्गाला मी काहीही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा बैठक बसली असती.

उन्हाळ्यात, परीक्षा झाल्यावर एका रविवारी चारच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडलं तर वर्गातली पंधरा-वीस मुलं जिन्यापर्यंत उभी. पुढे वर्गप्रतिनिधी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. आत बोलावलं, पाणी दिलं, ताक दिलं. ताक पिऊन झाल्यावर त्यानं ते वर्तमानपत्र सोडलं. नावाची पाटी होती. काळ्यावर सोनेरी अक्षरं. अक्षरं मोठी, ठसठशीत, आणि सगळ्यात पुढे 'प्रा. डॉ.' ह्यांचं नाव पाटीवर नव्हतंच. ह्यांनी ती दोनदा वाचली, "बरी आहे," म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर आणायला आत गेले.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर पंधरा-वीस चेहरे, घामेजलेले, खूश, माझ्याकडे लागलेले. कुणी माळशिरसहून बस पकडून आलेलं, कुणी करमाळ्याहून. पाटी कशी वाटली, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

"छान आहे," मी म्हटलं. "अगदी मनासारखी आहे."

पूर्ण सहमत. सगळ्या विधानांना.

जुनी पाटी उतरली, नवी चढली. मुलांनी दारात उभं राहून फोटो काढले. मला मधे घेतलं. मी हसले. फोटोत ते हसू कसं आलं असेल ते मला माहीत आहे, म्हणून मी तो अजून उघडून बघितलेला नाही.

मुलं गेली. मी दार लावून घेत होते तेवढ्यात पूर्वभागातली ती मुलगी जिना चढून परत आली. पाण्याची बाटली विसरली होती. बाटली घेतली, पण निघेना.

"मॅडम, त्या वेळी माझ्या कागदावर सगळं खोटं होतं. चिठ्ठीच तशी आली होती."

"माहीत आहे मला. सांगितलं त्यानं."

"मला आवडतो की विषय. तिसऱ्या वर्षाला मी स्टॅटच घेतलंय." एवढं बोलून ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "तुम्ही ते खरं धरलं असेल, असं मला वर्षभर वाटत होतं."

खरं धरलं होतं, आणि वर पाच पानंही लिहिली होती, हे मी तिला सांगितलं नाही. दुसरं सांगितलं. तेही का, तर ती खरं बोलायला दोन जिने पुन्हा चढून आली होती आणि माझ्याच्यानं घरबसल्या बोलवत नव्हतं.

"अगं, मीही आत्ता खोटंच बोलले तुमच्याशी. पाटी छान आहे म्हटलं. माझी नोंदणी रद्द झालीय. मी डॉक्टर नाही."

"माहितंय मॅडम."

"काय माहितंय?"

"ऑफिसातल्या काकांनी सांगितलं. सगळ्यांना माहितंय."

मी दाराची कडी धरून उभी राहिले. "मग पाटी कशी आणलीत?"

"बैठक झाली की. लिंबाखाली. सगळे म्हणाले, मॅडमच्या नावापुढची जागा रिकामी दिसते. आपल्यामुळं राहिली, तर आपणच भरायची."

"म्हणजे हेही बिनविरोधच."

तिनं मान हलवली. नाही म्हणून हलवली.

"एक मत विरोधात होतं."

"कुणाचं?"

"माझं." ती खाली बघत होती, पण आवाज स्पष्ट होता. "मी म्हणाले, मॅडमनी ते खोटं नको म्हणून सोडलं. परत खोटंच दारावर कशाला लावायचं. ते म्हणाले, तू एकटीच हायस. मग मी वर्गणी दिली आणि आले सगळ्यांबरोबर."

तो घंटेचा आलेख पडद्यावर आला तेव्हा मला जो आनंद झाला होता, त्याहून मोठा आनंद मला त्या क्षणी झाला. इतकी वर्षं ज्याच्यामागे लागले होते ते एक खरं उत्तर माझ्या दारात बाटली घेऊन उभं होतं, आणि ते कुठल्याही चौकोनात भरायचं नव्हतं.

मी आत जाऊन स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि स्वयंपाकघरातलं स्टूल. स्टूल डुगडुगतं, म्हणून तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. नवी पाटी उतरवून मी तिच्या हातात दिली. तिनं ती पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली आणि भिंतीशी उभी केली. मग जुनी पाटी लावली, ह्यांच्या मधोमध नावाची आणि माझ्या मोकळ्या जागेची. दोन्ही स्क्रू पिळले.

"डावीकडं खाली आलीय मॅडम," ती खालून म्हणाली.

मला तर सरळ दिसत होती. चिडून काहीतरी ओठांवर आलंही होतं. पण मी डावीकडचा स्क्रू सोडला आणि ती सांगेल तितकी पाटी वर घेतली.